बाबनरावांच्या तिकिटाचं लॅमिनेशन

वैभवच्या दुकानाचा एकच नियम होता, कागद वाचायचा नाही. सदर नावाच्या वस्तीत झेरॉक्स आणि लॅमिनेशनचा धंदा करणारा माणूस लोकांचे कागद वाचायला लागला की त्याला सगळ्यांच्या घरातलं कळतं, कळलेलं तोंडावर दिसतं, आणि मग गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. म्हणून सहा वर्षांत जातीचे दाखले, घटस्फोटाचे निकाल, 'येथे थुंकू नये' अशा पाट्या आणि एका काकूंनी आणलेलं बेलाचं पान, हे सगळं त्याने एकाच चेहऱ्याने मशीनमध्ये सारलं होतं. एका शुक्रवारी बाबनरावांनी काउंटरवर ठेवलेला रंगीत कागदही त्याने वाचला नाही. वाचला असता तर पुढचे दोन महिने वाचले असते.

बाबनराव गोळीबार चौकात राहायचे. घराणं विणकरांचं, पण ते स्वतः हातमागावर कधी बसले नाहीत. हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात बत्तीस वर्षं पहिली पाळी करून निवृत्त झाले होते. पाळी सुटली तरी पहाटेची जाग सुटली नव्हती. कंपनीची बस आता त्यांच्यासाठी थांबत नसल्यामुळे ते उन्हं वर आली की पायी निघायचे आणि जिथे पाय दुखतील तिथे थांबायचे. पाय नेमके सदरमध्ये दुखायचे.

"पॅक करून दे गा," ते म्हणाले. "खराब नाई झालं पाह्यजे."

वैभवने पॅक करून दिलं. मशीनमधून कडक, चकचकीत, गरम तुकडा बाहेर आला. बाबनरावांनी त्यावर फुंकर मारली, चारही कडांवरून बोट फिरवलं आणि सीलिंग चांगलं झाल्याचा निर्वाळा दिला.

सोमवारी ते राज्य लॉटरीच्या निकालाची प्रिंट घ्यायला आले. हे दर आठवड्याचं होतं. सरकारी लॉटरी लागली तर सरकार फोन करून सांगत नाही. निकाल वेबसाइटवर आणि पेपरात येतो, ज्याचं त्याने आपलं तिकीट जुळवून पाहायचं असतं. फोन येतो तो चोरांचा, हे वैभवने त्यांना आधीच समजावलं होतं. 'अभिनंदन, आपण पंचवीस लाख जिंकलात, फक्त प्रोसेसिंग फी भरा' असे दोन मेसेज त्याने त्यांच्या मोबाइलमधून स्वतः काढून टाकले होते. जे तिकीट घेतलंच नाही ते लागत नाही आणि बक्षीस द्यायला सरकार आधी पैसे मागत नाही, एवढं बाबनरावांना पाठ होतं.

त्या सोमवारी त्यांनी नंबर जुळवला. मग वैभवला जुळवायला सांगितला. आकडे जुळले. वैभव म्हणाला, थांबा, आकड्यांआधीची सिरीजची अक्षरंही जुळली पाहिजेत, नाहीतर हे बक्षीस आपलं नाही. ती पण जुळली. एक लाख रुपये.

दोघांनी आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग बाबनरावांनी खिशातून बॉलपेन काढला. "पॅकिंग झालं," ते म्हणाले, "आता लेबल."

वैभवने तिकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत नियम आणि अटी होत्या, आणि खाली तीन ओळी सोडलेल्या होत्या: नाव, पत्ता, सही. तिन्ही ओळी प्लॅस्टिकच्या आत होत्या. बाबनरावांचा बॉलपेन त्यावरून नुसता घसरला. वैभवने मार्कर दिला. मार्करने नाव उमटलं, पण तिकीट उचलताना अंगठा लागला आणि बाबनरावांचं नाव बाबनरावांच्या अंगठ्यावर आलं.

"काका, नाव आधी लिहायचं असते," वैभव म्हणाला.

बाबनरावांना हे पटेना. त्यांच्या खात्यात आधी माल पॅक व्हायचा, मग खोक्यावर वरून नाव, पत्ता आणि सही. बत्तीस वर्षांत कुणी लेबल खोक्याच्या आत टाकलं नव्हतं, आणि टाकलं असतं तर त्याची चौकशी झाली असती. वैभवला यात खोट सापडेना. तो जितका विचार करायचा तितकं त्याला वाटायचं की तिकीट छापणाऱ्याचंच काहीतरी चुकलं आहे.

मग बाबनरावांनी खरी अडचण सांगितली. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी रुख्माबाईंना, म्हणजे बायकोला, शब्द दिला होता की ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तिकीट घेणं सोडीन. त्या तेव्हापासून वाट पाहत होत्या. लाख रुपयांची नाही, सोडण्याची. "आता लागली," बाबनराव म्हणाले. "पन मिळाली नाई, तर लागली धराची का नाई धराची?"

वैभव म्हणाला, तिकीट विकणाऱ्यालाच विचारू.

ते दोघे देवरावांकडे गेले. देवराव सदरच्याच एका कोपऱ्यात टेबल मांडून एकतीस वर्षं तिकिटं विकत होते आणि त्यांनी स्वतः एकही घेतलं नव्हतं. त्यांनी तिकीट हातात धरलं, उन्हात धरलं, बोटाने टिचकी मारली. दहा हजारांपर्यंतचं बक्षीस मी इथूनच देतो, त्याच्या वरचं सरकारी ऑफिसातून येतं, ते म्हणाले. त्यासाठी फॉर्म, आधार, पॅन, पासबुक आणि मूळ तिकीट लागतं, मागे सही केलेलं. तीस टक्के कर कापून उरलेले खात्यात येतात. तिकीट ज्याच्या हातात तो मालक, म्हणून घेतल्याबरोबर नाव लिहायचं. 'मी वटवून देतो' म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात ते द्यायचं नाही.

"मी तुमाले सांगतलं होतं का नाई, तिकीट सांभाळून ठेवा?" देवरावांनी विचारलं.

"म्हनूनच त सांभाळलं," बाबनराव म्हणाले.

देवरावांनी तिकीट परत दिलं. मग त्यांना बाबनरावांची दया आली असावी, कारण विकणारा माणूस सहसा सांगत नाही ते त्यांनी सांगितलं. इतकी तिकिटं छापतात की एखाद्याला लागणं आणि त्याच्यावर आभाळातून बेडूक पडणं यात फार फरक नाही. "लोक इचारते, कोनाले लागते? सरकारले दर हप्त्याले लागते. बाकीच्यायचं कधीमधी."

त्या दुपारी वैभवने तिकिटावर छापलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडे एक बाई होत्या, शांत आवाजाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिकिटाच्या मागे सही करून अर्जासोबत पाठवायला सांगितलं.

"मॅडम, मागचं आत गेलं आहे."

"आत म्हणजे कुठे?"

वैभवने लॅमिनेशन म्हणजे काय ते समजावलं. बाईंनी नियम वाचून दाखवले. फाटलेलं तिकीट बाद होतं, खाडाखोड केलेलं बाद होतं, फेरफार केलेलं बाद होतं. वाजवीपेक्षा जास्त सांभाळलेलं तिकीट यादीत कुठे नव्हतं. लॅमिनेशन हा फेरफार आहे का, हे तिकीट पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. तिकीट पाहण्यासाठी ते अर्जासोबत यायला हवं. अर्ज घेण्यासाठी तिकिटावर सही हवी. सही मागच्या बाजूला हवी. पुढे त्यांचा आवाज थोडा उदास झाला, आणि त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की मुदत तिकिटावर छापली आहे, ती विसरू नका.

दुसऱ्या दिवसापासून बाबनराव दुकानात बसायला लागले. भांडले नाहीत, रागावले नाहीत, नुकसानभरपाई मागितली नाही. वैभवचं शटर वर जायच्या आधी ते पायरीवर असायचे, शटर वर गेलं की आत स्टुलावर. जे गिऱ्हाईक येईल त्याला तिकीट दाखवायचे आणि झालेलं सगळं पहिल्यापासून सांगायचे, वैभवला कुठेही दोष न देता. हे फार वाईट होतं. गुरुवारी एक बाई पोराची मार्कशीट घेऊन आल्या, त्यांनी पूर्ण हकीकत ऐकली आणि विचारलं, "मतलब, एक बार अंदर गया तो फिर बाहर नहीं आता क्या?" बाबनराव म्हणाले, अजून तरी आलं नाही. बाई मार्कशीट पर्समध्ये ठेवून निघून गेल्या. त्या आठवड्यात वैभवने एकही लॅमिनेशन केलं नाही.

दुकान रिकामं असल्यामुळे त्याने लॅमिनेशन काढायचे अठरा व्हिडिओ पाहिले. अकरांत माणूस शेवटी म्हणायचा की हे महत्त्वाच्या कागदावर करू नका. सहांत कागद फाटायचा. एकात माणूस अर्ध्यातून उठून जायचा आणि परतच यायचा नाही, तो व्हिडिओ वैभवने दोनदा पाहिला.

शनिवारी रुख्माबाई स्वतः आल्या. काय अडलं आहे ते पाहायला आल्या, असं त्या म्हणाल्या. लहान चणीची बाई, चष्म्याला दोरी. सासऱ्यांच्या मागावर तुटलेले धागे जोडण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, असे की कापडावर गाठ कुठे आहे ते विणणाऱ्यालाही कळू नये. त्यांनी तिकीट घेतलं आणि डोळे मिटून कडेवरून नख फिरवलं.

"दोन पदर हायेत," त्या म्हणाल्या. "सही मांगं कराची हाये नं? मंग मांगचाच काढा. समोरचा काहून काढता?"

वैभव आणि बाबनरावांनी एकमेकांकडे पाहिलं. आठवडाभर दोघेही पूर्ण लॅमिनेशन काढायचं म्हणून डोकं फोडत होते. पुढच्या बाजूचं काय बिघडलं होतं, असं आता विचारायचं म्हटलं तर कुणालाच सांगता आलं नसतं.

पण लाखाच्या तिकिटावर पहिलाच हात मारायचा कसा? आधी सराव हवा, आणि सरावाला तसाच कागद हवा. एकोणीस वर्षांची हरलेली तिकिटं कामाला आली असती, पण ती रुख्माबाईंनी आठवड्याच्या आठवड्याला आंघोळीच्या बंबात घातली होती. देवरावांकडे निरोप गेला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कागद तोच हवा असेल तर चालू सोडतीचंच तिकीट घ्यावं लागेल, आणि सहा पाठवून दिली.

वैभवने सहाही लॅमिनेट केली. गोंद मऊ करायला इस्त्री तापली. तेव्हा बाबनरावांनी हात आडवा घातला. या सहांची सोडत अजून व्हायची आहे, ते म्हणाले. यातलं एखादं लागलं तर? जे तिकीट लागू शकतं त्यावर सराव कसा करायचा? त्यासाठी आधी दुसरी सहा आणून त्यांच्यावर सराव करावा लागेल. वैभवला हे एका क्षणापुरतं बरोबर वाटलं. मग त्याला दुसऱ्या सहांचं काय करायचं हा प्रश्न पडला आणि तो पाणी प्यायला.

रुख्माबाईंनी नवऱ्याच्या हाताखालून इस्त्री ओढून घेतली. "सोडाले आले का घ्याले आले तुमी?"

पहिलं तिकीट जळलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याचं प्लॅस्टिक उडदाच्या पापडासारखं फुलून आकसलं. चौथ्याच्या वेळी लाइट गेली, आणि ती येईपर्यंत गोंद पुन्हा बसला. पाचव्याला रुख्माबाईंनी इस्त्री टेकवली नाही, नुसती वरून फिरवली. सुईच्या टोकाने कोपरा उचलला, आणि जसा तुटका धागा ओढतात, श्वास न घेता, तसा मागचा पदर ओढला. तो सबंध निघाला.

पण कागदाची मागची बाजू पांढरी झाली होती. गरम गोंदाने छपाई उचलून नेली होती. सगळे नियम आणि अटी प्लॅस्टिकवर होते, तिकीट नियमांतून मोकळं.

बाबनरावांनी बराच विचार केला. "म्हनजे फेरफार केलेलं बाद होते, हा नियमबी गेला काय?"

सहावंही तसंच निघालं, म्हणजे हे असंच होणार होतं. उपाय दुसरा दिसत नव्हता. सही करायला जागा तरी मिळत होती.

वैभवने भरदुपारी शटर अर्धं खाली ओढलं. बाबनराव भिंतीकडे तोंड करून बसले, कारण त्यांना बघवत नव्हतं. समोरच्या भिंतीवर फक्त झेरॉक्सचे दर होते, ते त्यांनी वीस मिनिटं वाचले. मागे सुई कागदावरून जाताना होतो तेवढाच आवाज होता. मध्येच तो थांबला तेव्हा वैभवने वाकून पाहिलं. रुख्माबाई फक्त चष्मा पुसत होत्या.

"सही करा," शेवटी त्या म्हणाल्या.

पुढून तिकीट चकचकीत, मागून कोरं. बाबनरावांनी मोठ्या सुट्या अक्षरांत नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. मग सवयीने कोपऱ्यात 'ही बाजू वर' म्हणून बाण काढायला निघाले, तेव्हा वैभवने त्यांचा हात धरला.

दोन्ही बाजूंची झेरॉक्स ठेवून सगळं स्पीड पोस्टाने गेलं. सरावाच्या सहा तिकिटांचे अवशेष रुख्माबाईंनी निकालाआधीच बंबात घातले. त्यांतलं एखादं लागलं का, हे कुणी पाहिलं नाही. त्या सोमवारी निकालाची प्रिंट काढायला वैभवचा हात दोनदा गेला होता, पण रुख्माबाई दुकानासमोर भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. भाजीबाजार तिथून बराच लांब आहे.

तीन आठवड्यांनी ऑफिसचं पत्र आलं. बाबनरावांनी ते न उघडता आणलं. वैभवने वाचलं: 'सोबत सादर केलेल्या तिकिटाच्या मागील बाजूस नियम व अटी आढळून येत नाहीत. पडताळणीकामी त्या तात्काळ सादर कराव्यात.'

"नियम मांगते," बाबनराव हळू म्हणाले.

नियम घरी होते. सरावाची तिकिटं जाळताना प्लॅस्टिकचा वास सुटला होता, म्हणून रुख्माबाईंनी निघालेले पदर स्टीलच्या डब्यात ठेवले होते. पण जळके आणि फाटके बाजूला काढल्यावर साफ निघालेले तीन उरले: पाचव्याचा, सहाव्याचा आणि खऱ्याचा. तिन्हींवर अक्षर न् अक्षर सारखं. वैभवने भिंगाने पाहिलं. रुख्माबाईंनी नखाने पाहिलं. देवरावांना बोलावलं, ते म्हणाले की नियम सगळ्यांना सारखेच असतात, हाच त्यांचा दोष आहे.

एक कुठलातरी पाठवून द्यावा, असं वैभवचं मत होतं. बाबनराव ऐकेनात. चुकीचा गेला तर ते खोटं होईल, आणि खोट्याने मिळालेली लॉटरी मिळालेली धरायची का, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. शेवटी तिन्ही पदर एका पाकिटात गेले. सोबतचं पत्र बाबनरावांनी सांगितलं आणि वैभवने टाइप केलं: 'यांपैकी एक आमचा आहे. कृपया आपल्या स्तरावर योग्य ती निवड करावी.'

"हे असं चालते का, देवरावकाका?" वैभवने विचारलं.

"काहून नाई? तीनातून एक काढाचा. त्यायचं कामच ते हाये."

ऑफिसने तिन्हींतून कोणता निवडला आणि कसा, ते कळवलं नाही. पण बारा दिवसांनी बाबनरावांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. रक्कम मोठी दिसल्याबरोबर त्यांनी तो शिकवल्याप्रमाणे काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता त्यांनी वैभवला सांगितलं की चोर अजून सुधारले नाहीत. वैभवने त्यांना हाताला धरून बँकेत नेलं आणि पासबुक भरून घेतलं. करकपात होऊन सत्तर हजार आले होते. बाबनरावांनी तो आकडा मशीनपाशी उभं राहून इतका वेळ पाहिला की मागची रांग दुसऱ्या मशीनकडे वळली.

संध्याकाळी रुख्माबाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात ऑफिसचं ते पत्र होतं. त्यातल्या विषयाच्या ओळीतल्या 'सोडत' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"सोडत निघाली, पैसे आले. आता सोडा."

"सोडलं," बाबनराव म्हणाले. एकोणीस वर्षांची गोष्ट एका शब्दात संपल्यामुळे ते जरा गडबडले आणि पुन्हा एकदा म्हणाले, "सोडलं वं."

रुख्माबाईंनी मान डोलावली आणि त्या घरी गेल्या. बाबनराव दारात उभे राहिले. तिकीट घ्यायचं नाही म्हणजे देवरावांकडे जायचं नाही, निकाल पाहायचा नाही म्हणजे सोमवारी प्रिंट नाही. मग पहाटे जाग आल्यावर पाय दुखेपर्यंत चालायचं ते कुठे? हे त्यांनी वैभवला विचारलं. वैभवने शटर खाली ओढून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं तेव्हा ते पायरीवर होतेच. आत आले, स्टुलावर बसले. लॅमिनेशनची गिऱ्हाइकं हळूहळू परत यायला लागली होती. वैभव मशीन तापवायचा, आणि कागद मशीनमध्ये जायच्या आधी बाबनराव तो मधेच हातात घ्यायचे. उलटा करायचे, कोरी बाजू पाहायचे आणि ज्याचा त्याला विचारायचे, "मांगं काही लिहाचं राह्यलं काय?"

बहुतेक लोक नाही म्हणायचे. काही चिडायचे. एक पोरगी आधार कार्ड परत घेऊन पाच मिनिटं विचार करत बसली आणि मग काहीच न सांगता निघून गेली.

बुधवारी कन्हानहून एक माणूस आला, चाळिशीचा, डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले. वडिलांचा मृत्यूचा दाखला होता. बाबनरावांनी तोही उलटा केला. वैभवने त्यांना डोळ्यांनी खुणावलं की इथे नको, पण ते विचारून बसले होते.

माणसाने दाखला त्यांच्या हातातून घेतला. कोऱ्या बाजूकडे बराच वेळ पाहिलं. मग पेन मागितला.

बाबनरावांनी खिशातला स्वतःचा दिला, आणि त्याला नीट बसून लिहिता यावं म्हणून स्टुलावरून उठले.